फळी आपली, तोलही आपला

लाँगबोर्ड दुकानातून आणता येतोच. पण प्लाय, फेविकॉल आणि चार-पाच संध्याकाळी हाताशी असतील, तर तो घरीही बनवता येतो. फक्त त्यातलं काय स्वतः बनवायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी ठाऊक हवं.

आज घरी गेल्यावर बाबांना किंवा काकांना एक प्रश्न विचारा, ‘लहानपणी बेअरिंगची गाडी केली होती का?’ बहुतेक त्यांचे डोळे चमकतील. गॅरेजवाल्याच्या मागे लागून आणलेली जुनी बेअरिंग्ज, कुठून तरी पैदा केलेली फळी, खाली आडव्या ठोकलेल्या दोन लाकडी पट्ट्या आणि गल्लीतला सगळ्यात मोठा उतार. ती गाडी येताना अख्ख्या आळीला ऐकू यायची. ब्रेक म्हणजे चप्पल. गुडघे फुटायचे आणि घरी मार बसायचा तो वेगळाच!

गंमत म्हणजे, स्केटबोर्डचा जन्मही जवळपास असाच झालाय. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या सर्फिंगवेड्या पोरांना, समुद्रात लाटा नसतील त्या दिवशी करायचं काय, हा प्रश्न पडायचा. त्यांनी रोलर स्केट्सची चाकं काढली, लाकडी फळीखाली ठोकली आणि फुटपाथवरच ‘सर्फिंग’ सुरू केलं. म्हणजे स्केटबोर्ड आधी घरात बनला, कारखान्यात नंतर गेला. तुम्ही घरी लाँगबोर्ड बनवायला घेतलात, तर काही जगावेगळं करत नाही आहात. उलट मूळ पद्धतीकडेच परत जाताय.

लाँगबोर्डच का?

टोकियो ऑलिम्पिकमध्ये २०२१ साली स्केटबोर्डिंग पहिल्यांदा आलं, तेव्हा रेलिंगवरून घसरणारी, हवेत बोर्ड फिरवणारी मुलं-मुली आपण टीव्हीवर पाहिली. तो छोटा बोर्ड. त्याची चाकं साधारण ५० ते ५४ मिलिमीटरची आणि कडक. गुळगुळीत सिमेंटवर ती भारी पळतात, पण आपल्या रस्त्यावर एक खडा मध्ये आला की बोर्ड जागच्या जागी थांबतो आणि आपण पुढे जातो!

लाँगबोर्डची चाकं ६५ ते ७५ मिलिमीटरची आणि मऊ असतात. खडबडीत डांबर ती बऱ्यापैकी सहन करतात. बोर्ड लांब असल्याने पाय ठेवायला ऐसपैस जागा मिळते. उड्या-बिड्या मारायच्या नाहीत, नुसतं वळत वळत तरंगत जायचं. नवशिक्यासाठी हा बोर्ड सोपा. आणि घरी बनवायलाही सोपा, कारण याला शेपटाचा तो तीव्र वाक लागत नाही.

काय बनवायचं, काय आणायचं?

लाँगबोर्डचे मुख्य भाग चार. आपण उभे राहतो तो डेक, त्याखालचे दोन ट्रक (मालवाहू नव्हेत, चाकांचा आस धरणारे आणि बोर्ड वळवणारे धातूचे सांगाडे), चार चाकं आणि त्यातली आठ बेअरिंग्ज. यातला डेक तुमचा. बाकीचं सगळं चांगल्या दर्जाचं विकत आणायचं. इथे जुगाड नको.

का नको, ते चाकांच्या इतिहासात कळतं. सुरुवातीच्या बोर्डांना लोखंडी चाकं होती, मग भाजलेल्या मातीसारख्या कडक मिश्रणाची आली. दोन्ही रस्त्यावर घसरायची. १९७० च्या सुमारास फ्रँक नॅसवर्दी नावाच्या तरुणाने अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका कारखान्यात पॉलियुरेथेनची मऊ चाकं पाहिली. ती रिंकवर भाड्याने मिळणाऱ्या स्केट्ससाठी बनवली जात होती. त्याने ती स्वतःच्या बोर्डला लावली आणि पुढे कॅलिफोर्नियात ‘कॅडिलॅक व्हील्स’ नावाने विकायला काढली. रस्ता धरून ठेवणारं चाक मिळालं आणि मरगळलेला खेळ पुन्हा उभा राहिला. एका मटेरियलने हे घडवलं. ते आपण घरी ओतू शकत नाही, एवढं मान्य करून पुढे जाऊ.

खरेदी करताना हे आकडे लिहून घ्या: ट्रक ‘रिव्हर्स किंगपिन’ प्रकारचे, हँगर १८० मिलिमीटर. चाकं ७० मिलिमीटर, कडकपणा ७८ए ते ८०ए. बेअरिंग ६०८ मापाचं, म्हणजे आतला व्यास ८ आणि बाहेरचा २२ मिलिमीटर. सोबत स्पेसर, रायझर पॅड आणि बोल्टचा सेट. बजेटचा मोठा वाटा इथेच जातो. त्यामुळे ‘घरी बनवला की फुकटात पडतो’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घरी बनवायचं ते आपल्या वजनाला, उंचीला आणि आवडीला बेतलेला बोर्ड मिळावा म्हणून.

प्लायचे रेषे आणि एक प्लास्टर

आता माझी फजिती ऐका. सेकंड इयरला असताना मी पहिला डेक कापला. सुताराकडे पडलेला १२ मिलिमीटरचा एक तुकडा मिळाला होता. माझा आकार त्यात आडवाच बसत होता, म्हणून मी तो आडवाच कापला. घासला, रंगवला, फोटोही टाकले. दिसायला एकदम झकास. तिसऱ्या दिवशी मित्र त्यावर उभा राहिला, थोडा वेग घेतला आणि मधोमध ‘कट्’ असा आवाज आला. बोर्ड दुभंगला आणि मित्राच्या मनगटाला प्लास्टर. पुढच्या महिन्यातली त्याची जर्नल्स मी लिहून दिली, पण त्याच्या आईच्या नजरेला नजर द्यायला मला बरेच दिवस लागले.

चूक साधी होती. प्लाय म्हणजे लाकडाच्या पातळ थरांची चवड. एका थराचे रेषे उभे, पुढच्याचे आडवे. सगळ्यात वरच्या आणि खालच्या थराचे रेषे ज्या दिशेला, त्या दिशेला प्लाय जास्त मजबूत. आपण बोर्डवर उभे राहिलो की खालचा थर ताणला जातो. त्याचे रेषे लांबीला असतील तर ते दोरीसारखे ताण धरतात. रुंदीला असतील तर एकमेकांपासून सुटतात. माझ्या बोर्डचे रुंदीला होते. बाजारातल्या वस्तूत खोट निघाली तर भांडायला दुकानदार तरी असतो. आपणच बनवलेल्या वस्तूत ती निघाली, तर बोट आपल्याकडेच वळतं.

म्हणून दुकानात गेलात की तीन गोष्टी बघा. पहिली, रेषे लांबीच्या दिशेला आहेत ना. दुसरी, कडेने पाहिल्यावर थरांमध्ये पोकळ फटी दिसत नाहीत ना. स्वस्त प्लायमध्ये या फटी हमखास सापडतात आणि बोर्ड तिथेच तुटतो. तिसरी, मरीन प्लायवर ‘आयएस ७१०’ हा शिक्का. पूर्ण शीट घ्यायची गरज नाही, ‘कटपीस आहे का?’ विचारा. १०५ सेंटिमीटर लांब आणि ३० सेंटिमीटर रुंद असे ४ मिलिमीटर जाडीचे तीन-चार तुकडे पुरतात.

तीन थर की चार?

इथे फिजिक्स कामाला येतं. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाप्रमाणे वाढतो. तीन थरांची जाडी १२ मिलिमीटर, चारांची १६. जाडी दीडपटही झाली नाही, पण ताठपणा सव्वादोनपटीहून जास्त झाला. लांबीचं गणित उलटं. दोन ट्रकमधलं अंतर ७० सेंटिमीटरवरून ८० केलंत, तर तीच फळी तेवढ्याच वजनाला जवळपास दीडपट वाकते.

थोडा लवचीक बोर्ड पायाखाली छान झुलतो, पण पहिल्याच प्रयत्नात फार नाजूक करू नका. वजन ६० किलोच्या आत असेल तर तीन थर, त्यापेक्षा जास्त असेल तर चार. लांबी १०० सेंटिमीटर, रुंदी २३-२४ आणि ट्रकमधलं अंतर ७०. या मापांचा बोर्ड पहिल्या खेपेला जमून जातो.

फेविकॉलची रात्र

एकच जाड प्लाय न घेता पातळ थर कशाला चिकटवायचे? एखादं जाडजूड पुस्तक वाकवून बघा. कडेची पानं एकमेकांवरून सरकतात. आता कल्पना करा, वाकवलेल्या अवस्थेतच सगळी पानं एकमेकांना चिकटवून टाकली. मग ती सरकू शकणार नाहीत आणि पुस्तक वाकलेलंच राहील. डेकचंही तसंच. मधोमध किंचित उचललेला बाक, ज्याला ‘कॅम्बर’ म्हणतात, तो असा कायमचा बसवता येतो. आपण उभे राहिलो की हा बाक सपाट होतो आणि पायाखाली स्प्रिंग असल्यासारखं वाटतं.

कृती सोपी आहे. एक जाड, सरळ फळी खाली ठेवा. तिच्यावर मधोमध दीड-दोन सेंटिमीटर जाडीची पट्टी आडवी ठेवा. त्याच्या अलीकडे-पलीकडे तिच्या निम्म्या जाडीच्या पट्ट्या. त्यावर प्लॅस्टिकचा कागद, नाहीतर तुमचा डेक फळीलाच कायमचा चिकटेल. मग प्लायच्या थरांना दोन्ही बाजूंनी वॉटरप्रूफ फेविकॉल लावा. एकसारखा, कोपरे न सोडता. चवड रचून दोन्ही टोकं सी-क्लॅम्पने खाली दाबा, मग कडांना दर चार-पाच इंचांवर एकेक क्लॅम्प. एवढे क्लॅम्प कुणाच्या घरी नसतात. सुतारकाकांना गाठा, ‘एका रात्रीसाठी द्या’ म्हणा. चहा पाजलात तर चार युक्त्याही फुकट मिळतील. किमान २४ तास हात लावायचा नाही. हवा दमट असेल तर आणखी एक दिवस. क्लॅम्प सोडल्यावर लाकूड थोडं मागे येतं आणि साधारण एक सेंटिमीटरचा बाक उरतो. तेवढा पुरे.

कॅनडातल्या टोरोंटोच्या ‘रोअरॉकिट’ कंपनीने यावर एक भन्नाट उपाय काढलाय. चिकटवलेले थर साच्यासकट एका पिशवीत घालायचे आणि हातपंपाने हवा काढून टाकायची. बाकीचं काम वातावरणाचा दाब करतो. हा दाब दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलो. आपल्या डेकचं क्षेत्रफळ २,४०० चौरस सेंटिमीटर धरा. म्हणजे पूर्ण पोकळी झाली तर जवळजवळ अडीच टन! पुस्तकात वाचलेला आकडा असा डोळ्यांसमोर लाकूड वाकवतो.

कापा, घासा, कर्ण मोजा

आकार आधी कागदावर काढा. वर्तमानपत्र लांबीला दुमडून अर्धाच आकार कापा, उघडलं की दोन्ही बाजू सारख्या. तो डेकवर गिरवा आणि जिगसॉने रेषेच्या थोडं बाहेरून कापा. उरलेलं कानशीने काढता येतं, जास्त कापलेलं परत चिकटवता येत नाही. मग पॉलिश पेपर: ८० नंबर, १२० आणि शेवटी २२०. कडा गोल करा. या कामात गॉगल आणि मास्क हवाच. प्लायचा भुसा नाकात गेला की दोन दिवस पुरतो.

आता सगळ्यात नाजूक काम, ट्रकची भोकं. डेकच्या मधोमध लांबीला एक रेष आखा. ट्रकची पट्टी तिच्यावर बरोबर मध्यात ठेवून भोकांच्या खुणा करा. ड्रिल लावण्याआधी पुढच्या डाव्या खुणेपासून मागच्या उजव्या खुणेपर्यंत आणि पुढच्या उजवीपासून मागच्या डावीपर्यंत अंतर मोजा. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे ट्रक सरळ रेषेत आहेत. दाराची चौकट गुण्यात आहे का, हे सुतार असंच तपासतात. इथे दोन-तीन मिलिमीटर चुकलात तर बोर्ड आयुष्यभर एका बाजूला ओढेल. भोक पाडताना खाली टाकाऊ फळी धरा, म्हणजे खालचा थर फाटणार नाही.

उभं राहण्याआधी परीक्षा

मित्राच्या मनगटाने मला शिकवलेला धडा हा: बोर्ड रस्त्यावर नेण्याआधी घरात तपासायचा. दोन विटा ट्रकच्या अंतरावर ठेवा, त्यावर गोणपाट आणि मग डेक. कुणाचा तरी हात धरून हळूच उभे राहा. गुडघ्यात वाकून दोन-चार वेळा सावकाश झोका द्या. मग पाठीवर सॅक घ्या आणि तिच्यात पाण्याच्या २० लिटर बाटल्या भरा. पाणी एक लिटर म्हणजे एक किलो, वजनकाट्याची गरजच नाही. पुन्हा झोका. कान उघडे ठेवा. बारीकसा ‘कट्’ जरी ऐकू आला, तरी तो डेक भिंतीवर टांगायचा, पायाखाली घ्यायचा नाही. आवाज नसेल तर डेक उलटा करून खालचा थर उजेडात बघा. केसाएवढी चीर किंवा पांढुरकी रेष दिसली तरी निकाल तोच. मन घट्ट करा. फुकट गेलेला प्लाय परत आणता येतो.

पास झाला की वॉर्निशचे तीन हात द्या. कडांना चौथा, कारण प्लाय पाणी पितो तो कडेनेच.

ट्रक बसवताना एक गफलत हमखास होते. रिव्हर्स किंगपिन ट्रकमधल्या मोठ्या बोल्टाचा नट बोर्डच्या टोकांकडे बघायला हवा. उलटा बसवलात तर डावीकडे झुकल्यावर बोर्ड उजवीकडे वळेल! दुसरी तपासणी खडूची. चाकांना खडू फासा, बोर्डवर उभे राहून पूर्ण झुका. डेकच्या खाली खडूचा डाग उमटला, तर वळणावर चाक डेकला घासून जाम होणार आणि तुम्ही फेकले जाणार. अशा वेळी ट्रक आणि डेकच्या मध्ये जाडसर रायझर पॅड घाला किंवा चाकावरची कड अर्धगोल कापा. चाकाचा नट घट्ट आवळून मग किंचित सैल करा. चाक मोकळं फिरलं पाहिजे, पण खुळखुळता कामा नये.

आता तो ‘तुमचा’ करा

कस्टमायझेशन म्हटलं की आपल्याला रंग आठवतो. पण खरं कस्टमायझेशन ट्रकमधल्या बुशिंगमध्ये असतं. या रबरासारख्या गोळ्यांमुळे ट्रक झुकतो आणि परत सरळ होतो. वजन कमी असेल तर मऊ बुशिंग, जास्त असेल तर कडक. बोर्ड वळतच नाही असं वाटत असेल, तर दोष बहुतेक वेळा तुमच्यात नसतो, बुशिंगमध्ये असतो. किंगपिनचा नट पाव फेरा सैल करून बघा, मग पुन्हा पाव. प्रत्येक बदलानंतर चक्कर मारा आणि वहीत नोंद ठेवा.

वरच्या बाजूला ग्रिप टेप. खालची बाजू मात्र संपूर्ण तुमची. स्टेन्सिल, ॲक्रेलिक, आजीच्या जुन्या साडीचा तुकडा वॉर्निशखाली, काहीही. माझ्या दुसऱ्या बोर्डवर आमच्या नाक्यावरच्या साइनबोर्ड पेंटरकाकांनी, टेम्पोच्या मागे लिहितात त्याच वळणदार अक्षरात, ‘सावकाश जा’ लिहून दिलंय. पडल्यावर उलटा झालेला बोर्ड समोर येतो आणि तेच शब्द वाचायला मिळतात!

पहिली चक्कर

हेल्मेट सायकलचं किंवा स्केटिंगचं, पण हवंच. मनगटाचे गार्डही हवेत, कारण पडताना आपण आपोआप हात पुढे टाकतो. जागा निवडताना कॉलेजचं बास्केटबॉल कोर्ट परवानगी घेऊन किंवा सोसायटीतला गाड्या नसलेला सपाट पट्टा. रहदारीचा रस्ता नको आणि घाट तर मुळीच नको. आधी थांबायला शिका: पुढच्या पायावर वजन ठेवून मागचा पाय हलकेच जमिनीला टेकवत न्यायचा. सपाटीवर दहापैकी दहा वेळा थांबता आलं, मगच बारीकसा उतार. पावसात बोर्ड घरात. ओल्या रस्त्यावर पकड जाते, बेअरिंग गंजतात आणि प्लाय फुगतो.

महिन्यातून एकदा बोर्ड उलटा करा, बोल्ट आवळा आणि खालच्या थरावरून हात फिरवा. कुठे काय खरखरतंय ते बोटांना लगेच कळेल, कारण तो थर तुम्हीच घासलाय.

माझा तो दुभंगलेला डेक अजून खोलीत आहे. त्याचं मी बूटांचं रॅक केलंय. मित्र दुसऱ्या बोर्डवर उभा राहायला तयार झाला, पण त्याआधी सॅकमध्ये बाटल्या त्याने स्वतः भरल्या, स्वतः मोजल्या. बरोबरच केलं त्याने. तुमच्या बोर्डवर कुणी दुसरं उभं राहणार असेल, तर त्यालाही मोजू द्या.